फोनची वही

फाइलची प्रत आठवड्यानं मिळेल म्हटलं ना — बाकावर बसून राहिलात म्हणून ती लवकर निघत नाही, दादा. तुमचा राग समजतो मला. आईंच्या छातीच्या फोटोत डाग होता आणि तुम्हाला कळलं आठ महिन्यांनी, तेही दुसऱ्या हॉस्पिटलात. आता म्हणे ऑपरेशनची वेळ गेली. पण म्हणून एकदम वकिलाची नोटीस? डॉक्टरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. चूक कुणाची म्हणता? कुणाचीच नाही. सांगते ना.

आमच्याकडे एक पद्धत आहे, बावीस वर्षांची. रिपोर्ट येतो, मी तो फाइलला लावते, फाइल कपाटात. डॉक्टर कधी बघतात? पेशंट समोर बसला की. पेशंट नसताना रिपोर्ट वाचायचा नाही, हा त्यांचा नियम — माणसाकडे बघून कागद वाचावा म्हणतात, उगाच मनात ग्रह होत नाही. किती मोठा विचार आहे बघा. आणि पेशंट कधी येणार? आम्ही बोलावलं की. आम्ही कधी बोलावणार? रिपोर्टमध्ये काही असलं की. आता तुम्ही म्हणाल, वाचल्याशिवाय कळणार कसं — अहो, प्रत्येक गोष्टीचा असा कीस काढत बसलं तर दवाखाना चालायचा कसा? बावीस वर्षं काही अडलं नाही. म्हणजे, अडलं म्हणून सांगायला कुणी आलं नाही.

भिंतीवरचा चौकोन? कुठला? तो होय — तिथे रंग जरा उजळ आहे, एवढंच. पाटी होती पूर्वी. ‘रिपोर्टच्या चौकशीसाठी फोन करू नये. काही असेल तर आम्ही फोन करू.’ जुनी झाली, काढली. नोटिशीच्या दुसऱ्याच दिवशी का? योगायोग. नवी रंगवायला टाकलीय — ‘रिपोर्ट विचारणे ही पेशंटची जबाबदारी आहे.’ पेंटर मात्र तोच हवा म्हटलं मी, अक्षर फार सुबक त्याचं.

आणि मुद्दा तोच आहे, दादा. डॉक्टरांनी नोटिशीच्या उत्तरात लिहिलंय ना — पेशंटनं चौकशीच केली नाही. एक फोन केला असता तर? मलाही वाईट वाटतं हो, खोटं नाही सांगत. किती साध्या बाई. आपला नंबर येईपर्यंत माझ्या पिशवीचा तुटलेला बंद शिवून दिला होता त्यांनी — ही बघा, अजून वापरते. पण भिडस्त स्वभाव नडला. काय? आई म्हणतात, केला होता फोन? आजारपणात होतं माणसाचं असं. माझी वही आहे — आलेला प्रत्येक फोन लिहिते मी, तारीख, वेळ, काय विचारलं, काय सांगितलं. डॉक्टर म्हणतात, तुमच्या वहीपुढे कोर्टाचंही काही चालायचं नाही. थांबा, दाखवतेच, तुमच्या मनातला किंतु जाऊ दे. फोटो काढला सहा तारखेला... सात, आठ — हे लसीचं विचारणारे... बारा, तेरा — ही बाई रोज फोन करायची, काही झालेलं नसताना... सोळा... सतरा. हं, हे बघा, तुमच्या आईंचं नाव — ‘छातीच्या फोटोचं विचारलं. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक समजा, असं सांगितलं. बाईंनी आभार मानले.’

हे माझंच अक्षर आहे.

वही सोडा, दादा. ती दवाखान्याची आहे. मोबाइल खिशात ठेवा आधी. नाही, परत नाही उघडणार मी. वेळ संपली, खिडकी लावतेय — बोटं काढा. तुमचा नंबर आहे आमच्याकडे. काही असेल तर आम्ही फोन करू.