खोतांचा सहावा पेला

मी सहदेव भागोजी तांबे, वय ५६ वर्षे, धंदा काचसामानाचे दुकान, राहणार परटवणे, रत्नागिरी. आज सोमवार, दि. १२ मार्च १९८४ रोजी ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या मूळ गावचे रावजी खोत यांनी माझ्यावर जांभळा, सोनेरी वेलबुट्टीचा विलायती पेला चोरल्याची तक्रार दिली आहे. शिपाई बोलवायला आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होते. चोरी हा शब्द त्यांनी ऐकला. पेला माझ्याकडे आहे. चोरलेला नाही.

असे सहा पेले रावजींच्या आजोबांनी पहिल्या महायुद्धाआधी मुंबईहून आणले. तोंडाने फुंकून केलेले. एकासारखा दुसरा नाही. माझी आई जनी खोतांकडे भात झोडायला जाई. आम्ही तेव्हा महार. पाणी वरून ओंजळीत. एकदा तिला खळ्यात भोवळ आली. घरातल्या नव्या सुनेने घाबरून हाताला लागला तो पेला भरून तिच्या तोंडाला लावला. घरात बोंब झाली. पितळ असते तर विस्तवात घालून शुद्ध केले असते. काच विस्तवात तडकते. म्हातारे खोत म्हणाले, "जने, बाटला तो. तूच ने." आईने तो मरेपर्यंत सांभाळला. ती सून म्हणजे रावजींच्या आई गंगुबाई. हयात आहेत. त्यांना विचारावे.

शनिवारी रावजी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला घेऊन दुकानात आले. त्याला सहाच्या सहा पेले हवेत. "सहदेवा, घरातली वस्तू आहे रे आमच्या." मी चहा मागवला. व्यापाऱ्याने घेतला, रावजींनी नाही. मी म्हटले, "घरातली होती. तुम्हीच घराबाहेर काढलीत." पायरी उतरताना रावजी व्यापाऱ्याला हळूच म्हणाले, "मिळू दे, गोमूत्र शिंपडून देतो." माझे कान अजून शाबूत आहेत. संध्याकाळी तक्रार झाली.

आज पेला मी स्वतः आणला. हवालदारसाहेबांसमोर त्यात माठातले पाणी भरून इथे बसलेल्या रावजींपुढे ठेवले. म्हटले, "तुमचा ना? प्या नि घेऊन जा. माझी हरकत नाही."

"आज माझा सोमवार आहे."

"सोमवारी पाणी चालते, रावजी."

ते तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर गेले, अद्याप आलेले नाहीत.

पेला टेबलावर आहे. जप्त करायचा तर करावा. मात्र पंचनाम्यात 'पाण्याने भरलेला' असे लिहावे.

जबाब मला वाचून दाखवला, मी नीट ऐकला. सांगितला तसाच उतरला आहे.

सही,
सहदेव भागोजी तांबे