निर्णय कायम

नाही नाही काका, तो शब्दच चुकीचा आहे, सेन्सॉरशिप वगैरे – बसा ना, दारात उभं राहून नका बोलू, समोरची बाई कान टवकारूनच असते – सेन्सॉरशिप सरकार करतं. पोलीस येतात, छापखान्याला टाळं ठोकतात, त्याला म्हणतात सेन्सॉरशिप. आमची खाजगी कंपनी आहे. लोक तिथे फुकटात व्हिडिओ टाकतात आणि कंपनीचे काही नियम आहेत, संपलं. तुमच्या घराच्या भिंतीवर कोणी काहीबाही लिहून गेलं तर तुम्ही पुसाल की नाही? पुसालच. मग त्याला काय मुस्कटदाबी म्हणायचं? पहिल्याच दिवशी आम्हाला हे शिकवतात आणि मला ते पटलंय, अगदी पटलंय. आणि तुमच्या मुलीचा व्हिडिओ कोणी काढला ते मला ठाऊक नाही. एका हॉलमध्ये आम्ही दोनशे जण बसतो. माझा पत्ता दिला कोणी तुम्हाला? – जाऊ दे, नका सांगू.

काम कसं चालतं ते ऐका, म्हणजे तुमचा राग तरी निवेल. लोकांनी तक्रार केलेले व्हिडिओ एकामागून एक समोर येतात. एकाला बारा-पंधरा सेकंद. ठेवायचा की काढायचा, बटण दाबायचं, पुढचा. दिवसाला सातशे. त्यात काय काय असतं ते तुम्हाला नाही सांगणार. नवऱ्यालासुद्धा सांगत नाही, त्याला वाटतं मी कागदपत्रं तपासते. पहिल्या महिन्यात माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मग शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं युक्ती सांगितली – आवाज बंद ठेव, चित्र विसरता येतं, आवाज कानातून जात नाही. तेव्हापासून बंदच. सगळेच तसं करतात. नियमात बसत नाही, पण साहेब काणाडोळा करतात, कारण काम झटपट उरकतं. आता तुम्हीच बघा – नुसता धूर, खाली पडलेल्या बायका, कोणीतरी जाळीच्या दारावर हात आपटतंय, आणि आवाज नाही. काय वाटेल? कोणाच्या तरी मरणाचा तमाशा मांडलाय असंच वाटेल. तो काढायचाच, लहान मुलं बघतात हो. पिवळ्या स्वेटरमधली पोरगी मध्येच फोन स्वतःकडे वळवते, परत दाराकडे, काही धड दिसत नाही – नऊ सेकंदांत कोणीही काढला असता.

काय? स्वेटर तुम्हीच म्हणालात ना मघाशी. नाही? मग पेपरात आलं असेल. – तेही नाही.

बरं, मीच काढला. झालं समाधान? नऊ सेकंद बघितला आणि काढला. ती मदत मागतेय हे मला काय स्वप्न पडलं होतं? आगीचा बंब चाळीस मिनिटांनी आला हे मी दुसऱ्या दिवशी वाचलं. व्हिडिओ अकरा मिनिटं लोकांसमोर होता. अजून राहिला असता तर गल्लीतल्या कोणी बघितला असता, कोणी हातोडा घेऊन धावलं असतं – हे सगळं माझं मनात घोळवून झालंय काका, तुम्ही नका घोळवू. काय म्हणालात? मग तिनं ओरडायचं कुठे होतं? बंबवाल्यांचा नंबर लागत नव्हता, म्हणून तिथे ओरडली – ते मला नका विचारू. कंपनीला विचारा.

कारखान्याचा मालक म्हणतो दार उघडं होतं, माहितीये मला. तिचा फोन जळला, तेही माहितीये. आता तो व्हिडिओ फक्त कंपनीकडे आहे. काढलेलं नव्वद दिवस ठेवतात, मग कायमचं जातं, आणि परवा नव्वद होतात – हो, मोजलेत मी. पण कुलूप बाहेरून होतं असं मी लिहून देणार नाही. आतलं बाहेर बोलणार नाही म्हणून सही केलीय मी. रस्ता असतो त्याला. फेरतपासणीचा अर्ज करायचा, व्यवस्थित. तुम्ही केला होता, हो. कोणाकडून तरी लिहून घेतलात ना? 'माझी मुलगी यात आहे, कृपया आवाज ऐकावा.' एवढंच.

तो अर्ज दुसऱ्या कोणाकडे जायला हवा होता. त्या दिवशी माणसं कमी होती, माझ्याचकडे आला. मी आवाज लावला. चार वेळा ऐकला. 'मागच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, आम्ही सात जणी आहोत, कोणीतरी तोडा' – आणि पत्ता. दोनदा सांगते पत्ता, गॅसवाल्याला सांगावा तसा, डावीकडचं दुसरं वळण वगैरे. रडत नाही हो ती. तुमची पोर अजिबात रडत नाही. तो परत ठेवला असता तर माझी चूक धरली असती, त्या महिन्यातली तिसरी, आणि तिसरीला घरी बसवतात. मी 'निर्णय कायम' दाबलं. 'काळजीपूर्वक तपासलं' असा निरोप तुम्हाला आला ना, तो आपोआप जातो, तो मी लिहिलेला नाही. पण बटण मी दाबलं, ऐकून दाबलं. म्हणा आता काय म्हणायचं ते. सरकारनं केलं नाही, पोलिसांनी केलं नाही. मी केलं, एका बोटानं, आणि डबा खायला गेले.

खिशात काय आहे ते? खिसा उजळलाय तुमचा. फोन चालू आहे? काका, तुम्ही हे सगळं रेकॉर्ड – अगदी आल्यापासून? इतका वेळ गरीब गायीसारखे बसलात आणि – पुसा ते. माझ्यादेखत पुसा. नोकरी जाईल माझी, कोर्टात खेचतील, माझ्या घरच्यांना काय सांगू मी? पुसा म्हणते ना.

माझ्या हातात कशाला देताय? मी पुसू? तुम्ही बाप आहात तिचे आणि मला सांगताय, पोरी, तूच पुस?

नाही. धरा तो. धरा म्हणते ना. तसाच खिशात ठेवा आणि आजच्या आज कोणाला तरी ऐकवा, परवाची वाट बघू नका. जा आता. माझ्याशी एक अक्षर बोलू नका, जा.