मालोजीची मूठ

चिंचवडच्या सायकलवाल्याकडे मी पंक्चरसाठी थांबलो होतो. भिंतीला टेकवलेली मेलेल्या मालोजीची सायकल न्यायला ज्योतीराम आला होता. दिघीचे म्हातारे यशवंतराव त्याला अडवत होते.

"सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाई, पण ही सायकल नेऊ नको."

"उद्यापासून पिंपरीच्या औषध कारखान्यात कामाला लागायचंय, राव. पायी गेलो तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील."

"हँडलच्या मुठी मालोजीनं सवताच्या थुंकीनं बसवल्यात. थुंकी वाळली की रबर घट्ट धरतं."

"सगळेच तसं बसवतात."

"पण ह्या मुठी मालकाचा हात वळखत्यात. दुसऱ्यानं धरल्या, की सायकल पवनेच्या पुलाकडं वळती."

"जिथं तो बुडाला?"

"व्हय. तवापासनं, म्हंजी दिवाळीपासनं, कुणी हात लावला न्हाई हिला."

"म्हणजे मालोजीनं मूठ मारलीय म्हणा की."

"हसतोस काय? धरून बघ."

ज्योतीरामने मूठ धरली. ती गरकन फिरली. त्याने तळहात पाहिला.

"यशवंतराव, खोटं बोललात."

"काय खोटं?"

"दिवाळीपासून कुणी हात लावला नाही म्हणता. मग आतली थुंकी अजून ओली कशी?"