कॅलिपरची कडी

हॅलो? … हॅलो, कोण? … चिमे, तू होय. बोल. नाही, थांब, तू बोलूच नकोस, आधी मी बोलते. माझं डोकं सकाळपासून नुसतं तापलंय.

… नाही, निघाले नाही. … अगं निघू कशी, ते विचार. साडेनऊपासून खुर्चीत बसलेय. तुझा फोन वाजला तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, तो कुबडीने ओढून घेतला. आणखी जरासा ओढला असता तर खाली पडून फुटला असता, मग बसली असतीस तिकडे हॅलो हॅलो करत.

… पाय बरा आहे गं. पायाला काय धाड भरलीय? पायाला बांधायचा कॅलिपर नाहीये. … हरवायला तो काय छत्री आहे? कॅलिपर मागच्या गॅलरीत आहे. भट्टीतून आत्ता काढलाय, तारेवर टांगून पंख्यासमोर ठेवलाय गार व्हायला.

… भट्टीतून. बरोबर ऐकलंस. तुझ्या भावोजींनी भाजला.

… हो, माझाच. या घरात आणखी कुणाच्या पायात असतो कॅलिपर?

… हो, हो… अगं ऐक ना. मी सकाळी अंघोळीला गेले. कॅलिपर नेहमीसारखा पलंगाला टेकवून ठेवलेला. भिंत धरत धरत बाहेर येते, तर जागा रिकामी. म्हटलं, अहो, माझा कॅलिपर कुठाय? तर गॅलरीतून आवाज येतो, "आंघोळ झाली? बस जरा, दोन-तीन तासांचं काम आहे." दोन-तीन तास. जसं काही मी बसून राहायलाच जन्माला आले. मी जाऊन बघते तो त्याचे, म्हणजे माझेच, सगळे भाग सुटे. बूट एकीकडे, चामड्याचे पट्टे एकीकडे, आणि त्या दोन्ही लोखंडी पट्ट्या हे तारेच्या ब्रशने घासताहेत. जुना रंग नखाएवढा शिल्लक नाही. आता सांग, त्या क्षणी मी काय करायचं होतं? उघड्या पट्ट्या पायाला बांधून निघायचं?

… तेच ना. ओरडले. ओरडून घसा बसला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन बघून गेल्या.

… पावडर कोटिंग म्हणतात त्याला. अगं गेलं वर्षभर हेच चाललंय आमच्याकडे. बंद पडलेल्या बेकरीतून ती भट्टी उचलून आणली, तेव्हा मी म्हटलं, असू दे, प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस, हाताला चाळा हवा. माझ्या स्वयंपाकाच्या ओव्हनला हात लावायचा नाही, एवढी एकच अट घातली. मग काय, आधी सायकलची पायडलं. मग फाटकाची कडी. मग खालच्यांच्या खिडकीचे गज. मागच्या महिन्यात माझी किसणी दिसेना, तर ती आठवडाभराने निळी होऊन परत आली. … हो, निळी. तिच्यावर काहीही किसलं जात नाही आता. भोकं बुजलीत.

… ते कोरडी पावडर उडवतात बंदुकीने. पट्टीला विजेचा चिमटा लावायचा, मग पावडर आपोआप जाऊन चिकटते म्हणे. मग भट्टीत दोनशे अंशावर घातली की वितळून एकसारखी बसते. टवका उडत नाही, गंज येत नाही, मरेपर्यंत टिकते. हे सगळं मला पाठ झालंय, चिमे. जेवताना दुसरा विषय नसतो.

… हो गं, चांगलं आहे, मी कुठे नाही म्हणतेय? रंगाचे पापुद्रे निघाले होते, हेही खरं. पोटरीला ओरखडा पडला होता, तुला बोलले होते मी. पण यांना नव्हतं सांगितलं. पट्टी लावून गप्प बसले होते. आणि करायचंच तर रविवारी करा ना. आजच कशाला? आज काय आहे, तूच सांग.

… बरोबर. तीन वाजता. साहेब काय म्हणाले होते, आठवतंय? "बाई, मुख्य स्टोअरकीपर म्हणजे दिवसभर पायावर. तुम्ही एकदा माझ्याबरोबर सगळं गोदाम फिरून दाखवा, मग नावाचं बघू." फिरून दाखवा. एकोणीस वर्षं मी त्या गोदामात काय लोळत होते? कुठला बेअरिंग कुठल्या फळीवर आहे ते मी डोळे मिटून सांगते. आणि हा माणूस येऊन चार महिने झाले नाहीत, याला अजून फळ्यांच्या रांगांचे नंबर येत नाहीत. परवा पंपाचे वॉशर विचारत रंगांच्या डब्यांपाशी उभा होता.

… कुबडीवर? वेडी आहेस का. तेच तर हवंय त्याला. कुबडीवर टेकत टेकत आत शिरले की तो म्हणणार, "अरे अरे, बाई, कशाला त्रास घेतलात," आणि ते पद देऊन टाकणार त्याच्या त्या लाडक्या कारकुनाला. तो उंच, हसरा, काही येत नाही तो. नाही चिमे. मी जाईन तर माझ्या पायावर जाईन, नाहीतर जाणारच नाही. … रिक्षाला काय विचारतेस? रिक्षा दोनला सांगितलीय. आता एक वाजत आला.

थांब हं… अहो, झाला का गार? … मी विचारतेय, झाला का? … "हात लावून बघतो" म्हणताहेत. बघा, चांगला चटका बसू दे.

… रंग? रंगाचं विचारूच नकोस. … नको ना. … पिवळा.

… हळदीसारखा असता तर चाललं असतं. तो माल उचलायच्या गाड्यांचा असतो ना, भडक, तो. शंभर पावलांवरून दिसेल असा. हसू नकोस. चिमे, मी फोन ठेवून देईन. … काळी पावडर खालच्यांच्या गजांवर संपली म्हणे. वीस वर्षं मी पायघोळ पँटी शिवून घेतेय, शिंप्याला दरवेळी सांगते दोन बोटं जास्त ठेव, आणि हा माणूस मला क्रेनचा पाय लावून पाठवणार.

… आणला. आणला एकदाचा. थांब, स्पीकरवर टाकते, दोन्ही हात लागतील. … ऐकू येतंय? … हां. बूट बसला. पट्टे… हा वरचा… हो हो, बांधतेय, तुम्ही बाजूला व्हा, मला येतं. … तुला नाही गं, यांना.

आता कडी. … काय झालं? … का नाही उतरत? … अहो, जोर लावा. … चिमे, गुडघ्याची कडी बसत नाहीये. … अगं गुडघ्यापाशी ती लोखंडी कडी असते ना, उभी राहिले की सरकून खाली येते आणि गुडघा पक्का होतो. ती अर्ध्यावर अडकलीय. रंगाने जाडी वाढली. … मग? कडी बसली नाही तर गुडघा वाकणार, आणि मी साहेबांच्या पायावर कोसळणार, दुसरं काय?

… मी तुम्हाला विचारते, सगळ्या स्क्रूच्या भोकांना बुचं लावलीत, बिजागरीला चिकटपट्टी लावलीत, आणि जिथे कडी सरकते तीच जागा विसरलात? किसणीवरून काही शिकला नाहीत? … खाली बसलेत माझ्या पायाशी, पॉलिश पेपर घेऊन. घासताहेत. … अहो, सावकाश. बोट कापाल.

… हॅलो, आहेस ना? स्पीकर बंद केला. हे तेलाची बाटली आणायला गेलेत, म्हणून हळू बोलते. मला एक कळत नाही, चिमे. सकाळी मी विचारलं, आजच का? तर म्हणाले, "आजच पाहिजे होतं." एवढंच. मान वर केली नाही. पण मी यांना आजचं काहीच बोलले नव्हते. अर्धी रजा आहे, इतकंच सांगितलं होतं. सगळं सांगितलं असतं तर हे साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले असते, माहीत नाही का तुला? मग आजच पाहिजे होतं, हे कुठून आलं?

… चिमे?

… विषय बदलू नकोस.

… तू बोललीस यांना. … खरं सांग. … कधी? … रविवारी? मी भाजी आणायला गेले तेव्हा? … अगं तुझ्या जिभेला हाड आहे की नाही? बहीण आहेस की टपाल? तुला शपथ घालून सांगितलं होतं मी. … काय काय सांगितलंस? … तेलाचंही?

… ते कशाला सांगायचं होतं गं.

… हो, म्हणाला होता तो साहेब. सगळ्यांसमोर म्हणाला होता. मी रांगेतून येत होते, कॅलिपर करकरत होता, आणि तो म्हणाला, "बाईंना तेल पाजायला हवं." सगळे हसले. तो कारकून तर पोट धरून हसला. मीही हसले, काय करणार. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. ते यांच्या कानावर जायला नको होतं, चिमे. यांना फार लागतं असलं काही. मला लागतं त्याच्या दुप्पट लागतं.

… काय म्हणाले तेव्हा? … नुसते उठून गॅलरीत गेले? … आणि मग? … बरं.

… नाही, रडत नाहीये. रागावलेय. दोघांवर रागावलेय, तुझ्यावर जास्त. … यांनी मला सांगायचं नाही का? "अगं, असं असं ऐकलं, म्हणून दुरुस्त करतोय," एवढं म्हणायला काय झालं होतं? सकाळपासून मी यांना काय काय बोलले, तुला कल्पना नाही. भट्टी भंगारात घालते म्हटलं. आणि हे ऐकून घेत बसले. … हो, मीही कुठे सांगितलं होतं. माहितीये. तू शिकवू नकोस मला.

आले. गप्प बस आता. स्पीकर लावतेय.

… झालं घासून? दाखवा. … बिजागरीत हे काय घातलंय? … नवीन वॉशर? कधी आणलेत? … सोमवारी. हं. … बरं, धरा मला. नाही, हाताला नको, कोपराला धरा. … उठतेय. … एक मिनिट…

टक.

… ऐकलंस, चिमे? बसली कडी. … हो, बसली. … सोडा, अहो. सोडा म्हटलं ना, मी बघते.

… किती वाजले? … पावणेदोन. पर्स कुठाय? … पँटीचं काय विचारतेस? हीच घालून जातेय, घोट्यापाशी आखूड झालीय ती. झाकून तरी किती झाकणार, तो रंग कापडातूनसुद्धा दिसेल. दिसू दे. साहेबांनी तेल सुचवलं होतं, त्यांनाही कळू दे आमच्या घरात काम कसं करतात.

… अहो, तुम्ही कुठे निघालात चपला घालून? … रिक्षापर्यंतच. गोदामाच्या दारापर्यंत यायचं नाही, सांगून ठेवते. आणि बोटाला पट्टी लावा, रक्त येतंय. … खोक्यात आहे, माझ्याच पट्ट्या आहेत, कमी पडणार नाहीत.

… काय गं? … काय ऐकायचंय तुला? … म्हणजे अजून उभीच आहे असं वाटतंय? करकर आली नाही म्हणून?

… अगं चिमे, मी केव्हाची चालतेय. खोलीतून निघाले, स्वयंपाकघर झालं, आता दारात आलेय. … नाही येत आवाज. मलाही नाही येत. … उद्यापासून त्या कारकुनाला कळणारच नाही, मी मागे कधी येऊन उभी राहिले ते.

… ठेवते. रिक्षा आली.