पोटातल्या लेकराची घंटा

आमी वडूजकडचे, माळावरचे. माजा बाप देवळातली घंटा वाजवायचा, बापामागं मी. देऊळ म्हंजे आमचं ख्रिस्ती देऊळ, कौलारू, दहाबारा घरांची मंडळी, आन मागल्या बाजूला आमची खोली. माजं नाव योसेफ. काय सांगू तुमाला, घंटा वाजवणं सोपं वाटतं, पर तसं न्हाई. रविवारची निराळी, लग्नाची निराळी, आन कुणी मेलं तर त्येचं जेवढं वय तेवढं ठोकं, एकेक, मधी दम खाऊन. रानातली माणसं खुरपं थांबवून मोजत्यात. बासष्ट झालं की म्हणत्यात म्हातारा शिमोन गेला. तान्हं लेकरू गेलं तर एकच ठोका.

तर बेचाळीसची धामधूम. गावातली माणसं आमाला म्हणायची तुमचं काय, तुमी तर सायबाची माणसं. लय लागायचं ते. आवं, देव सायबाचा हाय व्हय? येसू काय इंग्लंडात जल्मला? पर कुणाकुणाला सांगणार. मग एक दिवस भूमिगतांतली तिघं आली, त्यातले अण्णा शेजारच्या गावचे. म्हणाले, योसेफ, तुमच्या देवळावर पोलिसांचा संशय जायाचा न्हाई, आमी दिवसा वढ्याच्या कडंला पडून राहतो, पोलीस दिसलं की तू घंटा वाजव. मी व्हय म्हणालो. छाती अशी भरून आली, मला कुणीतरी आपला म्हणालं.

आन एका दुपारी पोलीस आलं. मंगळवार हुता. मंगळवारी रविवारची घंटा कशी वाजवायची, फौजदाराला लगीच कळंल, म्हणून मी मयताची धरली. भ्यालो हुतो, मोजली न्हाई, नुसती वडत सुटलो. तिघं वढ्यानं निसटली. फौजदार दारात आला, कोण मेलं रं म्हणाला. आता ह्याचं उत्तर मी आदी ठरवायला पायजे हुतं, न्हाई का? ठरवलंच नव्हतं. तोंडातनं गेलं, माजं लेकरू गेलं सायेब. लेकराला एक ठोका आन मी म्हाताऱ्याची वाजवलेली. आमच्यातलं कुणी असतं तर हसलं असतं, पर त्येला काय ठावं. त्येनं टोपी काढली, जरा उभा राहिला, आन आल्या वाटंनं गेला.

माज्या सारूला तवा पाचवा म्हयना हुता. पयलंच.

लेकरू झालं, दाविद नाव ठेवलं. त्येच्या मागं दुसरं झालं न्हाई. मिरजंच्या दवाखान्यात त्येला कंपाउंडरच्या हाताखाली जागा मिळत हुती, सारू म्हणायची तितं जाऊ द्या, आपल्या मंडळीतली माणसं हायती. मीच म्हणालो न्हाई, फौजंत जाईल. साताऱ्याला भरतीला मीच घिऊन गेलो. आता कोण म्हणतंय बगू सायबाची माणसं. असा माजा ताठा. एकाहत्तरच्या लढाईत गेला पोरगा. तार आली. पाद्रीसायेब म्हणाले, देवानं सुदिक आपला एकुलता एक लेक दिला. खरं हाय. पर देवानं जाणून दिला, मी तर भ्यानं बोलून बसलो. अब्राहाम देवाच्या सांगण्यावरनं पोराचा बळी द्याया निघाला, तवा पोराच्या जागी झुडपात मेंढा अडकला हुता, माज्यासाठी का न्हाई अडकला? मी देशाला पोरगा कवा दिला, एकाहत्तरला का त्या मंगळवारी? आजून कळत न्हाई मला. तुमी शिकलेली माणसं, तुमाला कळतंय का?

तार आली त्या दिशी दोरी धरली तर हात वर जाईना. सारूनं माज्या हातातनं घेतली आन मोठ्यांदा मोजत वाजवली, अठ्ठावीस. आता म्हातारी माणसं म्हणत्यात, योसेफ, बेचाळीसच्या त्या मंगळवारीबी अठ्ठावीसच वाजलेली. तवा कुणी मोजलं हुतं? मीच मोजलं न्हाई.

मग आता सरकारनं मला ताम्रपट द्यायचं ठरवलं, बेचाळीसच्या त्या घंटंचा. अण्णा घरी आले, म्हणाले वडूजच्या सभंत मी सगळं सांगणार. मी म्हणालो घंटंचं सांगा, लेकराचं सांगू नगा, सारूला ठावं न्हाई. ते म्हणाले गड्या, तेच तर सांगण्याजोगं हाय. तीस वर्सं मी बायकोपासनं लपवलं, आन आता सभंत भोंग्यावरनं तिनं ऐकायचं? म्हणून आदल्या दिशी सांगितलं. ती जुंधळं निवडत हुती. मी खाली बगून सगळं सांगितलं, म्हणालो सारू, मी आपलं लेकरू जल्मायच्या आदीच मारलं.

तिनं सुपातला खडा काडून टाकला. म्हणाली, ठावं हाय. मी दाराआड हुते, तवाच ऐकलं. तवाच पोटावर हात ठेवून देवाला म्हणाले, ह्येंचं ऐकू नगंस, हे भ्यालेत.

आन परत निवडाया लागली. देवानं अठ्ठावीस वर्सं तिचं ऐकलं आन मग माजं? का कुणाचंच न्हाई? तिला इचारायचं धाडस हुईना.

ताम्रपट दाविदच्या टरंकंत हाय, तिनंच ठेवला, त्येच्या वर्दीवर. भिताडाला लावायचा न्हाई म्हणाली. देव तुमच्या लेकराबाळांना उदंड आयुक्ष देवो, आन तुमच्या तोंडाला आवर देवो. थांबा जरा, ऐका, वाजली. आज रविवार. तार आल्या दिसापास्नं दोरी तिच्याच हातात हाय, मी खाली उभा राहून मोजतो. रविवारची घंटा मोजायची नसती. तरी मोजतो.