रुखसारच्या लग्नाची पत्रिका

परवा आमच्या शमीम खालानं अख्खं खानदान वाचवलं, ते ऐका. रहिमतपूरला तिच्याकडे चहा घेत होतो. तेवढ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आटपाडीच्या युनूस मामूच्या नंबरवरून एक फाईल आली: 'मुलीचं लग्न आहे, पत्रिका उघडून बघा.' मी उघडणार, तोच खालानं माझा फोन काढून घेतला आणि स्वतःच्या फोनवरून धाकट्या भावाला गाठलं.

"युनूस, रुखसारचं लग्न ठरलं व्हय रं?"

"न्हाई आपा. ती शिकतीया अजून."

"मग पत्रिका कुणी धाडली?"

मामू आठवून म्हणाला, "सकाळी मलाबी असलीच एक आलती. कुणाचं लग्न म्हणून उघडली."

सकाळच्या त्या फाईलनं त्याचा फोन चोरांच्या हातात दिला होता आणि आता तेच त्याच्या नावानं पत्रिका धाडत होते.

खाला ओरडली, "फोन बंद कर आन् बँकेत पळ."

इकडे खालानं एकेकाला फोन करून बजावलं. दुसऱ्या कुणीच ती फाईल उघडली नाही. बँकेनंही मामूचं खातं वेळेत बंद केलं, एक पैही गेली नाही.

मी विचारलं, "खाला, तुला शंका आली कशी?"

ती ऐटीत म्हणाली, "आमच्यात लग्न ठरतंय, आन् मला इचारल्याबिगर पत्रिका छापायची कुणाची छाती हाय?"