वालाच्या शेतातील खारे जाळे

रेजिना पॉल तुस्कानो, वय ५९ वर्षे, निवृत्त शिक्षिका, सध्या व्यवसाय शेती, राहणार होळी, वसई.
दिनांक ११ फेब्रुवारी १९७९.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, सातिवली येथे डोंगराच्या पायथ्याशी माझे शेत आहे. भातकापणीनंतर तेथे मी वाल करते. काळूराम शेताची राखण करतो. ससे व शेळ्या आत येऊ नयेत म्हणून मी दिवाळीनंतर राजोडीच्या कोळ्यांकडून मासेमारीचे जुने जाळे आणून शेताभोवती बांधून घेतले.

गेल्या आठवड्यात काळूराम म्हणाला की रोज एक भेकर हरीण येते, वालाला तोंड लावत नाही, जाळे चाटते. थापा मारू नकोस, असे मी त्याला बजावले. तो गेल्यावर मी जाळे जिभेला लावून पाहिले. समुद्राचे मीठ त्यात तसेच होते. हे मला आधी सुचायला हवे होते.

खात्री करण्यासाठी काल संध्याकाळी मी शेतावर मुक्कामाला गेले. आज चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवली. सकाळी साडेसहाला भेकर आले. शेळीएवढे, तांबूस. दहा मिनिटे एकच गाठ चाटत होते. मी पंधरा हातांवर उभी होते. त्याची जीभ एवढी लांब असते हे मला ठाऊक नव्हते.

मला खोकला आला. ते दचकले आणि पुढचा पाय जाळ्यात अडकला. कुत्र्यासारखे भुंकू लागले. काळूरामने धावत जाऊन कोयत्याने जाळे कापले. झटापटीत कोयता त्याच्याच डाव्या तळव्याला लागला. भेकर डोंगराकडे पळाले. मी खोपीत फडके आणायला गेले. परत आले तोवर भुंकणे ऐकून आलेल्या वनरक्षकाने काळूरामला शिकारी समजून धरून नेले होते. कोयत्यावरचे व जाळ्यावरचे रक्त काळूरामचे आहे.

त्याने जाळे स्वतःचे असल्याचे सांगितले, हे मला ठाण्यात आल्यावर समजले. मी सर्वांसमक्ष कारण विचारले. तो म्हणाला, "बाय, तुमी पोरांना शिकवलेलं मानूस. तुमचं नाव हितं कशाला?"

मी म्हणाले, "खोटं बोलू नकोस. आणि हात वर धर, रक्त थांबेल."

जाळे माझे आहे. मी लावले. त्याने फक्त कापले. गुन्हा नोंदवायचाच असेल तर माझ्या नावावर नोंदवावा, आणि काळूरामला आधी दवाखान्यात न्यावे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मीही चष्मा लावून वाचला. मी सांगितला तसाच आहे. काळूरामला दवाखान्यात पाठवल्यानंतर, साडेदहा वाजता, मी खाली सही केली.